समाजाचे भविष्य आणि संख्याशास्त्राची पोहोच

प्रश्न थोडक्यात असा आहे. वायूतील एखादा रेणू पुढच्या क्षणी कुठे असेल हे कोणी सांगू शकत नाही, पण कोट्यवधी रेणू मिळून भांड्याच्या भिंतीवर किती दाब देतील हे अचूक सांगता येते. मग एकेका माणसाचे वागणे अनिश्चित असले, तरी कोट्यवधी माणसांच्या समाजाचे पुढे काय होणार हे संख्याशास्त्राला का सांगता येऊ नये? आणि आज ते जमत नसले, तरी माहितीचे साठे आणि संगणकांची ताकद ज्या वेगाने वाढते आहे तो पाहता, उद्या ते जमेल का?

लोकसंख्येचे आणि सार्वजनिक सेवांच्या मागणीचे अंदाज बांधणे हे माझे गेल्या पंचवीस-सव्वीस वर्षांचे काम आहे. त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी केवळ कुतूहलाचा नाही; माझ्या आकड्यांवर विसंबून कोणी शाळेचे वर्ग बांधते, कोणी दवाखान्यातल्या खाटा वाढवते. माझे उत्तर असे की, समाजाच्या भविष्याचा एक भाग संख्याशास्त्र खरोखर सांगू शकते, आणि तो भाग सर्वसाधारण समजुतीपेक्षा बराच मोठा आहे. मात्र क्रांती, युद्ध, राजवटी कोसळणे, एखाद्या नव्या शोधाने जगण्याची रीतच बदलून जाणे, अशी ज्यांना आपण इतिहासाची वळणे म्हणतो, ती त्या भागात येत नाहीत. आणि ती न येण्याचे मुख्य कारण माहितीची टंचाई हे नाही. हे दोन्ही दावे नीट पटावेत म्हणून थोडे तपशिलात जावे लागेल.

संख्याशास्त्र जिथे उत्तम चालते तिथून सुरुवात करते. १८९८ साली लाडिस्लाउस फॉन बोर्टकिएविच या अभ्यासकाने प्रशियाच्या सैन्यातील एका विचित्र नोंदीचा अभ्यास प्रसिद्ध केला. घोड्याच्या लाथेने मरण पावलेल्या सैनिकांची ती नोंद होती. दहा सैन्यदले आणि वीस वर्षे, म्हणजे एका दलाचे एक वर्ष असे २०० एकक. त्यांत मिळून मृत्यू १२२, म्हणजे सरासरी एका एककामागे ०.६१. आता फक्त ही एक सरासरी हाती घेऊन प्वासाँच्या सूत्राने (क्वचित आणि स्वतंत्रपणे घडणारी घटना किती वेळा घडेल याची शक्यता सांगणाऱ्या सूत्राने) हिशेब केला, तर २०० पैकी १०८.७ एककांत एकही मृत्यू नसावा, ६६.३ एककांत एक, २०.२ एककांत दोन, ४.१ एककांत तीन आणि ०.६ एककांत चार मृत्यू असावेत असे उत्तर येते. प्रत्यक्ष नोंद होती १०९, ६५, २२, ३ आणि १. कोणता घोडा कोणत्या सैनिकाला लाथ मारणार याविषयी आपल्याला काडीचीही माहिती नाही, तरी एकूण चित्र जवळजवळ तंतोतंत जुळते. सुरुवातीच्या प्रश्नातला रेणू आणि दाबाचा संबंध तो हाच.

पण हे जुळले का, ते पाहिले पाहिजे. एका दलातल्या घोड्याच्या लाथेचा दुसऱ्या दलातल्या घोड्याशी काही संबंध नव्हता. घटना एकमेकींपासून स्वतंत्र होत्या. वीस वर्षांत घोडे, तबेले आणि सैनिकांची कामे फारशी बदलली नव्हती. परिस्थिती स्थिर होती. आणि घटना पुन्हा पुन्हा घडत होती, त्यामुळे मोजायला दोनशे एकके होती. स्वातंत्र्य, स्थैर्य आणि पुनरावृत्ती या तीन अटींवर ते यश उभे होते. शिवाय, हे भाकीत नव्हते. घडून गेलेल्या नोंदींना सूत्र जुळवलेले होते. हा फरक आमच्या व्यवसायात नवख्या माणसाला सर्वांत आधी शिकवावा लागतो, आणि मुरलेल्या माणसालाही त्याचा विसर पडतो.

जिथे त्या तीन अटी बऱ्यापैकी पाळल्या जातात तिथे समाजाबद्दलही असेच ठामपणे बोलता येते. बेल्जियमचे खगोलशास्त्रज्ञ आदोल्फ केतले यांना १८३०च्या सुमारास फ्रान्समधील गुन्ह्यांच्या नोंदी पाहताना असे दिसले की दरवर्षीचे गुन्ह्यांचे, आरोपींचे, अगदी गुन्ह्यात वापरलेल्या साधनांचेही प्रमाण थक्क करण्याइतके सारखे राहते. माणसाला इच्छास्वातंत्र्य असेल तर हे कसे, असा वाद त्यावर अनेक वर्षे चालला. विमा व्यवसाय तर पूर्णपणे याच नियमिततेवर चालतो. पुढच्या वर्षी रस्त्यांवरील अपघातांत किती माणसे दगावतील, किती विवाह नोंदले जातील, किती जुळी मुले जन्मतील, हे आकडे थोड्या फरकाने आजच सांगता येतात आणि ते खरे ठरतात. त्यात कोणाला आश्चर्य वाटत नाही, म्हणून त्याला कोणी भविष्यकथन म्हणत नाही, एवढेच.

नियमिततेखेरीज भविष्य सांगण्याचा दुसरा भक्कम आधार म्हणजे जडत्व, आणि तो माझ्या रोजच्या कामाचा विषय असल्याने त्यावर थोडे जास्त लिहिते. लोकसंख्येचा प्रक्षेप, म्हणजे आजच्या आकड्यांवरून पुढचा हिशेब, मांडण्याची रूढ पद्धत दिसायला अगदी साधी आहे. आज २० ते २४ वयोगटात जितक्या स्त्रिया आहेत त्या पाच वर्षांनी २५ ते २९ या गटात जातील. त्यांतून त्या वयातले मृत्यू वजा करायचे, आलेल्या-गेलेल्यांचा हिशेब करायचा, आणि प्रत्येक वयोगटाला त्या वयाचा जननदर लावून पाच वर्षांत होणारे जन्म काढायचे. ते जन्म तक्त्याच्या सर्वांत खालच्या ओळीत बसतात आणि सगळा तक्ता एक पायरी वर सरकतो. असे करत वीस वर्षे पुढे गेले, तर त्या वेळी वीस वर्षांवरील जी माणसे असतील ती सगळी आज जन्मलेलीच आहेत. त्यांच्याबाबत आपण भाकीत करत नसून बहुतांशी मोजदाद करत असतो. म्हातारपण किती लोकांना येणार हे कळण्यासाठी तीस-चाळीस वर्षे वाट पाहावी लागत नाही, ते आजच्या तिशी-चाळिशीतल्या लोकांच्या संख्येतच लिहिलेले असते.

या पद्धतीची कामगिरी तपासण्यासारखी आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने १९५८ साली असा प्रक्षेप मांडला होता की २००० साली जगाची लोकसंख्या सुमारे ६२८ कोटी असेल. ती प्रत्यक्षात सुमारे ६१० कोटी निघाली. बेचाळीस वर्षांपूर्वी मांडलेला आकडा इतका जवळ यावा ही सामाजिक शास्त्रांत दुर्मीळ गोष्ट आहे, आणि या कामाचा मला अभिमान वाटतो. तरी त्या आकड्यामागे हेही होते की काही प्रदेशांत अंदाज वर गेला, काही प्रदेशांत खाली आला, आणि बेरजेत त्या चुका एकमेकींत जिरल्या. जग जितके मोठे तितक्या चुका जिरायला जागा जास्त. देश, जिल्हा, वस्ती असे खाली उतरत गेले की तीच पद्धत डळमळू लागते.

ते मी स्वतः अनुभवले आहे. सुरुवातीच्या काळात एका शिक्षण विभागासाठी आम्ही पहिलीच्या पटसंख्येचा अंदाज केला होता. सहा वर्षांपूर्वीचे जन्म नोंदवलेले, बालमृत्यूचे प्रमाण माहीत, त्यामुळे संपूर्ण क्षेत्राचा आकडा अगदी जवळ लागला. पण विभागाने तो आकडा जुन्या प्रमाणातच शाळाशाळांत वाटला आणि त्या हिशेबाने खोल्या बांधल्या. मधल्या काळात तरुण कुटुंबे जुन्या भागातून नव्या वसाहतींकडे गेली होती. नव्या भागात एका बाकावर तीन-तीन मुले बसली आणि जुन्या भागात नव्याकोऱ्या खोल्यांना कुलपे लागली. आमच्या अहवालाच्या अखेरच्या पानावर अंतर्गत स्थलांतराचा विचार केलेला नाही असे वाक्य होते; ते पहिल्या पानावर असायला हवे होते असे मला आजही वाटते.

जडत्वावर विसंबून वक्र पुढे ओढण्यात काय धोका असतो, याचे एक उदाहरण मी विद्यार्थ्यांना नेहमी देते. १९२० साली रेमंड पर्ल आणि लोवेल रीड या अमेरिकी संशोधकांनी अमेरिकेच्या १७९० ते १९१० या जनगणनांना एक एस आकाराचा वक्र जुळवला. आधी वेगाने चढणारा, मग हळूहळू सपाट होणारा. त्या वक्राची वरची मर्यादा होती सुमारे १९.७ कोटी; अमेरिकेची लोकसंख्या याच्या वर जाणार नाही असे त्याचे म्हणणे होते. १९३०ची जनगणना वक्राशी उत्तम जुळली. १९४०ची काहीशी खाली राहिली. १९५०ची पुन्हा बरीच जवळ आली, पंधरा कोटींच्या आसपास. तीस वर्षे कसोटीला उतरलेला वक्र म्हणजे निसर्गनियमच असे कोणालाही वाटले असते. प्रत्यक्षात १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धातच अमेरिकेने ती कमाल मर्यादा ओलांडली, आणि आज ती लोकसंख्या ३३ कोटींच्या पुढे आहे. वक्र जुळला होता, पण त्याच्यामागे कारण नव्हते. दुसऱ्या महायुद्धानंतर जोडप्यांनी अधिक मुले होऊ द्यावीत, किंवा पुढे स्थलांतराचे कायदे बदलावेत, हे त्या वक्राला कळण्याची काही सोयच नव्हती. उलट दिशेची चूक आज पूर्व आशियात दिसते. दक्षिण कोरियाचा एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीला आयुष्यात सरासरी होणारी मुले, घसरत असताना तो आता सावरेल, आता सावरेल असे प्रक्षेपांत गृहीत धरले जात राहिले, आणि २०२३ साली तो ०.७२ इतका खाली गेला. जन्मलेल्यांचा हिशेब आम्हाला येतो. पुढे किती मुले हवीत याविषयी लोकांचे मन कसे बदलेल, याचा येत नाही.

आता मूळ तुलनेकडे वळते. रेणूंची उपमा कोलमडते ती नेमकी इथे, की रेणू एकमेकांकडे पाहून आपली दिशा ठरवत नाहीत. माणसे ठरवतात. याचा परिणाम किती मोठा असतो हे समजून घ्यायला मार्क ग्रानोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७८ साली मांडलेले एक मनातले उदाहरण पुरेसे आहे. चौकात शंभर माणसे उभी आहेत अशी कल्पना करा. प्रत्येकाचा एक उंबरठा आहे: इतके लोक दगड उचलताना दिसले तर मीही उचलेन. पहिल्याचा उंबरठा शून्य, म्हणजे तो कोणाची वाट न पाहता सुरुवात करतो. दुसऱ्याचा एक, तिसऱ्याचा दोन, असे करत शंभराव्याचा नव्व्याण्णव. पहिला दगड उचलतो, त्याला पाहून दुसरा, त्या दोघांना पाहून तिसरा, आणि बघता बघता शंभरच्या शंभर जण दंगलीत सामील होतात. आता यातला एकच माणूस बदला: ज्याचा उंबरठा एक होता त्याचा दोन करा. पहिला दगड उचलतो, आणि पुढे कोणीच हलत नाही. दोन्ही जमावांची सरासरी मोजली तर ती ४९.५० आणि ४९.५१ येईल. जगातली कोणतीही पाहणी हा फरक पकडू शकणार नाही. पण एका जमावाने शहर पेटवले आणि दुसऱ्यात एका माणसाने एक दगड उचलला.

इथे सरासरी चुकीची नाही, मोजणीही चुकीची नाही. मोठ्या संख्येत लहान चुका जिरतात हा जो संख्याशास्त्राचा मुख्य आधार, तोच निकामी झालेला आहे. स्वतंत्र घटनांत लहान फरक जिरतो, साखळीने जोडलेल्या घटनांत तो वाढत जातो. १९८९ साली पूर्व युरोपातील साम्यवादी राजवटी काही महिन्यांत कोसळल्या तेव्हा त्या देशांचा आयुष्यभर अभ्यास केलेल्यांनाही ते आधी कळले नव्हते. तिमुर कुरान या अर्थशास्त्रज्ञाने त्याचे जे स्पष्टीकरण दिले ते मला सर्वांत पटते: अशा राजवटीत माणसे आपले खरे मत शेजाऱ्यापासून, सहकाऱ्यापासून आणि अर्थातच पाहणी करणाऱ्यापासून लपवतात, त्यामुळे समाज उंबरठ्याच्या किती जवळ उभा आहे हे खुद्द त्या समाजालाच माहीत नसते.

हा झाला विचारातला प्रयोग. प्रत्यक्ष प्रयोगही झालेला आहे. मॅथ्यू सॅल्गॅनिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी २००६ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. अपरिचित वादकवृंदांची ४८ गाणी एका संकेतस्थळावर ठेवली आणि तिथे आलेल्या चौदा हजारांहून अधिक लोकांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निरनिराळ्या गटांत पाठवले. एका गटाला फक्त गाण्यांची नावे दिसत होती. बाकीच्यांना आठ वेगवेगळ्या ‘जगां’त विभागले होते, आणि आपल्या जगात आतापर्यंत कोणते गाणे किती जणांनी उतरवून घेतले हा आकडा त्यांना दिसत होता. आठही जगांत गाणी तीच, माणसे एकाच प्रकारची, सुरुवात शून्यापासून. तरी जगाजगांत यशस्वी गाणी वेगळी निघाली. पहिल्या, स्वतंत्र गटाच्या पसंतीनुसार २६व्या क्रमांकावर असलेले एक गाणे एका जगात पहिले आले आणि दुसऱ्या जगात चाळिसावे. फार चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत आणि फार वाईट गाणी सहसा वर आली नाहीत, हे खरे. पण मधल्या मोठ्या पट्ट्यात काहीही होऊ शकत होते.

हा प्रयोग मला इतका महत्त्वाचा वाटतो कारण त्यात संशोधकांना आठ जगे मिळाली. आपल्याला एकच मिळते. आपल्या जगात जे गाणे, जो पक्ष, जो विचार जिंकला, त्याच्या विजयाची कारणे मागे वळून पाहिली की सापडतातच, आणि ती इतकी स्वाभाविक वाटतात की दुसरे काही होणे शक्यच नव्हते असा समज होतो. त्या समजातून पुढचे भाकीत जन्माला येते. घोड्याच्या लाथांच्या नोंदीत दोनशे एकके होती; एखाद्या संस्कृतीच्या इतिहासात एकक एकच असते, आणि एका निरीक्षणातून संभाव्यता काढता येत नाही.

युद्धांच्या बाबतीत तरी पुष्कळ निरीक्षणे आहेत ना, असे कोणी म्हणेल, आणि ते रास्त आहे. लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्लिश शास्त्रज्ञाने याच प्रश्नासाठी आयुष्याची अनेक वर्षे खर्च केली. पहिल्या महायुद्धात त्यांनी जखमींची ने-आण करणाऱ्या पथकात काम केले होते, आणि युद्ध का होते याचा गणिताने शोध घ्यावा ही त्यांची तळमळ होती. १८२० पासूनच्या युद्धांची त्यांनी यादी केली. किती वर्षांत एकही युद्ध सुरू झाले नाही, किती वर्षांत एक, किती वर्षांत दोन, हे मोजले, तेव्हा पुन्हा तेच प्वासाँचे सूत्र समोर आले. म्हणजे युद्धे सुरू होण्याचा वेग साधारण सांगता येतो, नेमके कधी ते सांगता येत नाही. पण युद्ध किती मोठे होईल याचे वाटप मात्र लाथांसारखे अजिबात नव्हते. त्यांच्या यादीतील सर्व मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक मृत्यू फक्त दोन महायुद्धांतले होते. शंभर माणसांच्या उंचीच्या सरासरीत जगातील सर्वांत उंच माणूस मिसळला तरी सरासरी फारशी हलत नाही. युद्धांतील मृत्यूंच्या सरासरीत एक महायुद्ध मिसळले की आधीची सरासरी निरर्थक होते. अशा राशींत भूतकाळाची सरासरी भविष्याबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही, कारण एकूण परिणाम ठरवणारी घटना बहुधा अजून घडलेलीच नसते.

दुसऱ्या महायुद्धानंतर मोठ्या राष्ट्रांत थेट महायुद्ध झालेले नाही, म्हणून मानवजात आता शांततेकडे वळली आहे, असा दावा अनेकदा केला जातो. मलाही तो खरा असावा असे मनापासून वाटते. पण ॲरन क्लॉसेट या संशोधकाने २०१८ साली १८२३ ते २००३ या काळातील ९५ आंतरराष्ट्रीय युद्धांच्या आधारे दाखवले की, अशी शांत दशके केवळ योगायोगानेही येऊ शकतात. ही शांतता म्हणजे खरोखर बदललेला कल आहे असे संख्याशास्त्राच्या निकषावर म्हणण्यासाठी ती आणखी १०० ते १४० वर्षे टिकावी लागेल. आपल्या पिढीला महत्त्वाच्या वाटणाऱ्या प्रश्नाचे उत्तर येण्यासाठी चार-पाच पिढ्यांची नोंद लागावी, ही या विषयाची खरी अडचण आहे.

याशिवाय समाज भाकीत ऐकतो. बँक बुडणार अशी आवई उठली की ठेवीदार पैसे काढायला धावतात आणि धडधाकट बँक बुडते, हे समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९४८ साली दिलेले उदाहरण प्रसिद्ध आहे. उलटेही घडते. मार्च २०२० मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील गटाने सांगितले की काहीच उपाय केले नाहीत तर ब्रिटनमध्ये करोनाने सुमारे ५ लाख १० हजार माणसे मरतील. उपाय केले गेले, तितके मृत्यू झाले नाहीत, आणि मग अनेकांनी तो आकडा खोटा ठरला असे म्हटले. पण ते ‘असे होईल’ हे भाकीत नव्हते. ‘असे केले नाही तर असे होईल’ हा सशर्त प्रक्षेप होता, आणि लोकांचे वागणे बदलावे हाच तो मांडण्याचा हेतू होता. माझ्या मते समाजाबद्दलच्या गणिताचा सर्वांत प्रामाणिक आणि सर्वांत उपयुक्त प्रकार हाच आहे, आणि वृत्तपत्राच्या मथळ्यात सर्वांत आधी गळते ती ‘जर’ने सुरू होणारी बाजू.

इतके असूनही मोठी भाकिते केली जातात. ती कशी पारखावीत? मानसशास्त्रज्ञ फिलिप टेटलॉक यांनी १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सुमारे वीस वर्षे २८४ तज्ज्ञांकडून राजकीय आणि आर्थिक घटनांची हजारो भाकिते टक्क्यांत नोंदवून घेतली आणि नंतर ती प्रत्यक्षाशी ताडून पाहिली. सरासरी तज्ज्ञाला ‘जसे चालले आहे तसेच चालेल’ या साध्या नियमावर मात करता आली नाही. नंतरच्या स्पर्धांत काही माणसे इतरांपेक्षा सातत्याने सरस ठरली, पण त्यांची सरशी प्रामुख्याने काही महिन्यांच्या, फार तर वर्षभराच्या प्रश्नांवर होती. अशा मोजणीसाठी ग्लेन ब्रायर या हवामानतज्ज्ञाने १९५० साली सुचवलेली पद्धत वापरतात, आणि ती कोणालाही घरी करता येईल इतकी सोपी आहे. घटना होण्याची शक्यता ७० टक्के असे तुम्ही म्हणालात आणि ती झाली, तर दंड ०.३ चा वर्ग, म्हणजे ०.०९, झाली नाही तर ०.७ चा वर्ग, म्हणजे ०.४९. प्रत्येक वेळी ५० टक्के म्हणणाऱ्याचा दंड कायम ०.२५. शंभर भाकितांनंतर ज्याची सरासरी ०.२५ च्या खाली नाही, त्याने आपले ज्ञान लोकांना विकू नये. ‘येत्या काळात अस्थिरता वाढेल’ असल्या विधानाला ना तारीख असते ना टक्केवारी, त्यामुळे त्याला दंडही लावता येत नाही, आणि म्हणून ते कधीच खोटे पडत नाही.

या कसोटीवर, इतिहासाला गणित लावणारे संशोधक पीटर टर्चिन यांचे काम मला आदराने पाहावेसे वाटते. वेतनाची कोंडी, उच्चपदांच्या तुलनेत वाढलेली उच्चशिक्षित महत्त्वाकांक्षी माणसांची संख्या, सरकारचे कर्ज, अशा मोजता येणाऱ्या गोष्टींवरून त्यांनी २०१० साली तारखेसह लिहिले होते की अमेरिका आणि पश्चिम युरोपात २०२० च्या सुमारास राजकीय अस्थिरता शिगेला पोहोचेल. अमेरिकेत २०२० आणि २०२१ मध्ये काय झाले, देशभरची निदर्शने आणि संसदभवनावरचा हल्ला, ते आपण पाहिले. तरी त्यावरून इतिहासाचे गणित सापडले असे मी म्हणणार नाही. एकच भाकीत, तेही दहा वर्षांत एकदा तपासले जाणारे. शिवाय त्या वर्षी जगभर साथ आली, जी त्यांच्या गणितात नव्हती. तापलेल्या जंगलात वणवा लागण्याचा धोका वाढला आहे हे ते सांगू शकले, आणि ते मोलाचे आहे. ठिणगी कुठली असेल आणि वणवा कुठे थांबेल हे त्यांनीही सांगितले नव्हते.

राहिला प्रश्न अधिक माहितीचा. २००८ मध्ये गूगलने लोकांच्या शोधशब्दांवरून फ्लूची साथ ओळखणारी सेवा सुरू केली, आणि सुरुवातीला ती चमत्कार वाटली. २०१२-१३ च्या हंगामात तिने सांगितलेले प्रमाण प्रत्यक्षाच्या जवळजवळ दुप्पट निघाले, कारण लोक काय शोधतात हे साथीबरोबरच बातम्यांवर आणि खुद्द शोधयंत्रातील बदलांवरही अवलंबून होते. त्याआधीचा धडा १९३६ चा आहे: राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी लोकांचा कल जाणून घ्यायला एका अमेरिकी साप्ताहिकाने सुमारे एक कोटी नमुना मतपत्रिका पाठवल्या, वीस लाखांहून अधिक परत आल्या, आणि त्यांवरून सांगितलेला विजेता दणदणीत हरला. नमुना प्रचंड होता, पण दूरध्वनी आणि मोटारी असलेल्यांकडे झुकलेला होता, आणि उत्तर पाठवण्याची तसदी घेणारेही एका बाजूचेच अधिक होते. मात्र सर्वांत बोलका प्रयोग २०२० साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील चार हजारांहून अधिक कुटुंबांची, मुलांच्या जन्मापासून नऊ वर्षांपर्यंतची हजारो चलांची (मोजलेल्या बाबींची) माहिती १६० संशोधक-गटांना दिली गेली, आणि ती मुले पंधरा वर्षांची असताना त्यांचे गुण किती असतील, घराची आर्थिक ओढाताण किती असेल, अशा सहा गोष्टी सांगा असे सांगितले गेले. आधुनिकातल्या आधुनिक पद्धती वापरूनही सर्वोत्तम उत्तरे चार साध्या चलांच्या जुन्या समीकरणापेक्षा थोडीशीच बरी निघाली.

हवामानाचे अंदाज सुधारले तसे हेही सुधारतील, असे म्हणणाऱ्यांना मी पुन्हा रिचर्डसनकडे नेते. हाताने गणित करून हवामान सांगण्याचा पहिला प्रयत्न त्यांचाच होता, आणि १९२२ साली त्यांनी तो चुकीसह प्रसिद्ध केला: सहा तासांत वायुदाब १४५ मिलिबारने बदलेल असे उत्तर आले होते, प्रत्यक्षात तो जवळजवळ हललाच नव्हता. तरी ते क्षेत्र पुढे गेले, कारण हवेच्या हालचालीची समीकरणे माहीत होती आणि ती काल होती तशीच उद्याही असणार होती. दररोज अंदाज ताडून पाहता येत होता. आणि वातावरण अंदाज ऐकून वागणे बदलत नव्हते. समाजाच्या बाबतीत या तिन्हींपैकी एकही सोय नाही. त्यात भर म्हणजे, समाजाची दिशा बरीचशी नव्या ज्ञानाने ठरते, आणि तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांनी दाखवल्याप्रमाणे उद्या लागणारा शोध आज सांगता आला तर तो आजच लागलेला असेल.

म्हणून मी आता एकच आकडा कोणालाही देत नाही. किमान आणि कमाल आकड्यांचा पट्टा देते, त्यात वास्तव पडण्याची शक्यता सांगते, आणि कोणत्या तारखेला तो तपासायचा तेही लिहून देते. संयुक्त राष्ट्रसंघही गेली काही वर्षे आपले प्रक्षेप संभाव्यतेसह देतो, आणि त्यातले एक उदाहरण या प्रश्नाला फार जवळचे आहे. या शतकात जगाची लोकसंख्या वाढायची थांबून उतरणीला लागेल याची शक्यता २०१३ च्या सुमारास तीस टक्क्यांच्या आसपास धरली जात होती. २०२४ च्या आवृत्तीत ती ऐंशी टक्के झाली, आणि शिखर १,०३० कोटींच्या आसपास, २०८० च्या दशकात येईल असे त्यात म्हटले आहे. या मधल्या अकरा वर्षांत जगातली माणसे साधारण अंदाजाप्रमाणेच वाढली, कारण त्यांच्यापैकी बहुतेक जण आधीच जन्मलेले होते. फरक पडला तो अजून न जन्मलेल्या मुलांच्या हिशेबात.